सायलेन्सर बदलून आवाजाची लय बदलेल का?

प्रश्न : माझी बाईक निंजा ३००, आतेभावाची इंटरसेप्टर ६५०. दोन्ही दोन सिलिंडरच्या. त्याची धडधडते, माझी किंचाळते. तो चिडवतो, "भो, तुझी तर शिलाई मशीनच!" सायलेन्सर बदलला तर तसा आवाज येईल का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही येणार, भाऊ. आवाज मोठा होईल, लय तीच राहील. लय ठरते क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्यात.

तुमच्याकडे एखाद्या केळीच्या बागेत विहिरीवरचं जुनं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं डिझेल इंजिन अजून चालत असेल, तर जरा त्याच्याजवळ थांबा. एक सिलिंडर, दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच. कान लावला की ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो.

दोन सिलिंडर असले की त्याच दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, दोन स्फोट बसवायचे. ते कुठे पडणार हे क्रँकच्या दोन पिनांमधला (जिथे पिस्टनचे दांडे जोडलेले असतात) कोन सांगतो. तुमच्या गाडीत तो १८० अंश : एक स्फोट, १८० अंशांनी दुसरा, मग ५४० अंश काहीच नाही. आतेभावाच्या गाडीत २७० : आधी २७०, मग ४५० अंशांचं अंतर. नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनचीही (V आकारात बसवलेले दोन सिलिंडर) हीच चाल, म्हणून ती धडधड. तुमचे ठोकेही असमानच आहेत, पण फेऱ्या इतक्या चढतात की ते एकमेकांत मिसळून जातात. (जुन्या राजदूत ३५० चा क्रँकही १८० अंशांचाच, पण ती टू-स्ट्रोक, दर फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटणार, त्यामुळे ठोके समान!)

आता ओढीचं. १८० मध्ये एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, मुख्य हादरे एकमेकांना मारतात. उरतं ते मुख्यतः इंजिनाचं डुलणं. २७० मध्ये एक पिस्टन टोकाला थांबतो तेव्हा दुसरा भरवेगात असतो. त्यामुळे क्रँकची गती कमी हेलकावते आणि कन्नड घाटात थ्रॉटल उघडताना मागच्या चाकाचा अंदाज हाताला नीट येतो. मुख्य हादरे मात्र उरतात, त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे हादरे मारणारा वजनदार फिरता दांडा, द्यावा लागतो. मला स्वतःला ही चाल आवडते.

पण कोनामुळे ताकद वाढत नाही. तिथे सीसी आणि स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची धाव) बघायचे. तुमचा स्ट्रोक ४९ मिमी, त्याचा ६७.८. तुमच्या ११,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर होतो. त्याचं इंजिन तेवढं फिरवलं तर जवळपास २५ होईल. म्हणून ते सव्वासात हजारांच्या आसपासच पूर्ण ताकद देतं. तुमच्या इंजिनाचा खरा जोर त्या फेऱ्यांच्या पुढे सुरू होतो, हे आतेभावाला सांगा.

आणि कुणी "क्रँकचा कोन फिरवून देतो" म्हणालाच, तर कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि इग्निशन (ठिणगी) यांच्या टायमिंगचं काय करणार, एवढं विचारा. बहुतेक विषय तिथेच संपेल.