वाळूजच्या कारखान्यात ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) पाण्यावर आरओ बसवलाय, पण मेंब्रेन (पाणी गाळणारे पडदे) तीन महिन्यांत चोक होतात. काय करावं?

तुमचे आकडे: रोज 20 हजार लिटर, टीडीएस (विरघळलेले क्षार) 3500 आणि सिलिका 40 मिग्रॅ/लिटर, रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातून मिळणारं चांगलं पाणी) 75 टक्के. मेंब्रेनची कंपनी बदलून काही होणार नाही. आधी 75 चा हट्ट सोडा.

75 टक्क्यांना रिजेक्टमधले (मागे उरणाऱ्या खारट पाण्यातले) क्षार चौपट होतात. सिलिका 160 वर जाते आणि 25 अंशांना ती साधारण 120 पर्यंतच विरघळलेली राहते. रिकव्हरी 60 केली तर 100 वर थांबते. चांगलं पाणी 15 ऐवजी 12 हजार लिटर मिळेल, रिजेक्ट आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवर 3 हजारांचा जादा भार पडेल, तरी हेच परवडतं. बसलेली सिलिका सहजी निघत नाही. उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळत असाल, तर मे महिन्यात हार्डनेस आणि सिलिका पुन्हा तपासा आणि अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस त्यावरून काढा.

मग वेसल (मेंब्रेन बसवलेली नळी) उघडा. पहिलं मेंब्रेन बुळबुळीत असेल तर दोष प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे आरओआधीच्या शुद्धीकरणाचा. शेवटचं जड, खरखरीत लागलं तर क्षार बसलेत. खरवडीवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका: फसफसलं तर कार्बोनेट, नाहीतर बहुधा सल्फेट किंवा सिलिका.

प्रीट्रीटमेंट डोळ्यांनी तपासू नका, पाणी नितळ दिसूनही फसवतं. एसडीआय (पाणी मेंब्रेन किती लवकर चोक करेल याचा आकडा) काढा: 0.45 मायक्रॉनचा कागद, 30 पीएसआय दाब. पहिले 500 मिली 30 सेकंदांत आणि 15 मिनिटांनंतरचे 60 सेकंदांत भरले, तर एसडीआय 3.3. पाचच्या वर गेला तर आरओ चालवूच नका. क्लॅरिफायरला (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीला) पॉलिमर सढळ हाताने टाकायची सवय फार नडते. कॅटायनिक (धनभारित) पॉलिमर उरला की थेट मेंब्रेनला चिकटतो. आरओआधी फ्री क्लोरीन 0.1 मिग्रॅ/लिटरच्या आत हवा, त्यासाठी एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट). क्लोरीनने जळालेलं मेंब्रेन धुऊन सुधरत नाही.

फ्लो 10 टक्के घटला किंवा डीपी (वेसलच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक) 15 टक्के वाढला की लगेच सीआयपी (मेंब्रेन न काढता रसायनाने धुणं) घ्या. बुळबुळीत घाणीला आधी कॉस्टिक (पीएच 12 च्या वर नको, 35 अंशांपेक्षा गरम नको), मग सायट्रिक. उलट क्रमाने केलं तर घाण आणखी घट्ट बसते.

आणि लाइट गेली की घट्ट रिजेक्ट वेसलमध्येच उभा राहतो. जनरेटर चालू होताच पहिली 10 मिनिटं परमिएटने (आरओतून निघालेल्या चांगल्या पाण्याने) फ्लश करा, मगच हाय प्रेशर पंप.