एकच डिस्क चार नावांनी दिसते, काय करू?

प्रश्न : सर, वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी आयटी सांभाळतो. दोन सर्व्हर, मागे एक सॅन (दोघांचा सामाईक डिस्क-साठा). दोन्हींवर रेड हॅट लिनक्स ९ आणि पेसमेकर (एक सर्व्हर पडला तर सेवा दुसऱ्यावर सुरू करणारं सॉफ्टवेअर). प्रत्येक सर्व्हरमधून दोन फायबर केबल निघतात. सॅनवर लन (सर्व्हरला दिलेली डिस्क) एकच आहे, पण सर्व्हरवर चार डिस्क दिसतात आणि ‘डुप्लिकेट पीव्ही’ची, म्हणजे तीच डिस्क पुन्हा सापडल्याची, वॉर्निंग येते. वरिष्ठ म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नको. चवथीच्या सुट्टीत कारखाना बंद असेल. तेव्हा हे नीट करता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येईल, आणि जरूर करा. दोन केबल, सॅनचे दोन कंट्रोलर, म्हणून एका डिस्कला चार वाटा. एलव्हीएम, म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा सांभाळणारं सॉफ्टवेअर, डिस्कवर आपली खूण लिहून ठेवतं. तीच खूण त्याला चारदा सापडते. त्याने त्यातली एक वाट, समजा एसडीबी, धरली आणि नेमकी तीच वाट तुटली, तर बाकीच्या तीन चालू असूनही डेटाबेस बंद पडेल. दुसऱ्या केबलचा खर्च मग कशासाठी केला?

आधी दोन्ही सर्व्हरवर मल्टिपाथडी (सगळ्या वाटा एका नावाखाली आणणारी सेवा) चालू करा. ‘मल्टिपाथ -एलएल’मध्ये एका नावाखाली चार वाटा दिसायला हव्यात. आपोआप पडणारं एमपाथए हे नाव दोन्हीकडे त्याच लनला मिळेलच असं नाही, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा कायमचा ओळख क्रमांक) बघून मल्टिपाथ.कॉन्फमध्ये नाव तुम्हीच ठरवून द्या. मग एलव्हीएमच्या डिव्हाइसेस फाइलमध्ये (कोणत्या डिस्क वापरायच्या त्या यादीत) तेवढंच नाव ठेवा; रूट, म्हणजे लिनक्सची स्वतःची जागा, एलव्हीएमवर असेल तर सर्व्हरची आतली डिस्कही हवी. नंतर बूटची फाइल नव्याने बनवायला ‘ड्रॅकट -एफ’, आणि एकेक नोड (सर्व्हर) रीबूट.

आता मालकी. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ फाइल सिस्टम एका वेळी एकाच नोडवर माउंट व्हायला हवी. दोन्हीकडे झाली तर डेटा खराब होतो, आणि तो बॅकअपशिवाय परत मिळण्याची आशा धरू नका. एलव्हीएमला सिस्टम आयडी (मालक नोड कोण ते सांगणारी खूण) ‘यूनेम’वरून, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून, घ्यायला सांगा, व्हीजीचं (एलव्हीएमच्या डिस्क-गटाचं) ऑटोॲक्टिव्हेशन बंद करा, आणि पेसमेकरच्या एलव्हीएम-ॲक्टिव्हेटकडे ते काम सोपवा. जुन्या लेखांत सीएलव्हीएमडी (नोडांमध्ये एलव्हीएमची कुलपं सांभाळणारा प्रोग्रॅम) सापडेल; रेड हॅट ८पासून तो गेला, त्याच्या जागी एलव्हीएमलॉकडी आला. तुम्हाला तोही नको. दोन्ही नोडना एकदम लिहायचं असेल, म्हणजे जीएफएस२ ही सामाईक फाइल सिस्टम वापरायची असेल, तरच तो लागतो.

माझी खरी काळजी फेन्सिंगची, म्हणजे बिघडलेल्या नोडला सक्तीने बाजूला काढण्याची, आहे. आपल्याकडे पावसात वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. फेन्सिंग सर्व्हरच्याच आयपीएमआयवर (दुरून वीज चालू-बंद करायच्या सोयीवर) असेल आणि त्या सर्व्हरची वीजच गेली, तर आयपीएमआयही गप्प होतं. दुसऱ्या नोडला तो मेल्याची खात्री पटत नाही, आणि सेवा तिकडे सुरूच होत नाही. म्हणून दुसरी पातळी ठेवा. तुमची सॅन पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (डिस्कवर कोणी लिहायचं ते सॅनवरच नोंदवायची सोय) देत असेल तर फेन्स-एमपाथ चांगला; तो बिघडलेल्या नोडचा डिस्कवर लिहिण्याचा हक्कच काढून घेतो. त्यासाठी मल्टिपाथ.कॉन्फमध्ये प्रत्येक नोडची रिझर्व्हेशन की वेगळी द्या. तिथेच ‘नो पाथ रिट्राय’ला (वाट नसताना किती वेळा पुन्हा बघायचं त्याला) ‘क्यू’, म्हणजे ‘थांबून राहा’, ठेवू नका, नाहीतर सगळ्या वाटा गेल्यावर नोड नुसता ताटकळत राहतो. दर ५ सेकंदांच्या तपासणीला १२ दिलंत की साधारण मिनिटभरात तो चूक मान्य करतो.

सुट्टी लागली की पहिल्यांदा बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. तो उघडला नाही तर बाकी कशालाही हात लावू नका. सगळं बसल्यावर डेटाबेस चालू असताना एक केबल काढा, आणि ती परत लावून चारही वाटा आल्या की चालू नोडची वीज तोडा. या वेळी वरिष्ठांना सर्व्हर रूममध्ये बोलवा.