जुन्या इंग्लंडमधले चोर खोटी नाणी पाडणाऱ्यांना काय म्हणत? 'स्मॅशर' म्हणजे तोच का?

जुन्या लंडनच्या एखाद्या गोष्टीत 'स्मॅशर' आला की तो तोडफोड करणारा गुंड असावा असं वाटतं. मीही आधी तसंच समजलो होतो. पण तो काहीच फोडत नाही. दुकानात, दारूच्या गुत्त्यात खोटं नाणं गुपचूप खपवणारा तो स्मॅशर. पाडणारा वेगळा, तो कॉइनर.

चोरांच्या बोलीत ही वाटणी जुनीच. पैशाला ते 'कोल' म्हणत. चांगलं ते 'रम', खोटं ते 'क्वीर'. आपण खणखणीत आणि बद्द म्हणतो ना, तसं. सतराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका कोशात 'क्वीर कोल मेकर' म्हणजे खोटी नाणी पाडणारा आणि 'क्वीर कोल फेन्सर' म्हणजे तो माल घेऊन पुढे खपवणारा.

कायद्यानेही हा फरक मानला. नाणी पाडणं १३५१ पासून राजद्रोह. पुरुषाला फाशी, बाईला जाळायचं. अशी जाळलेली शेवटची बाई कॅथरीन मर्फी, १७८९ (आधी गळा आवळला, एवढीच काय ती दया). खपवणाऱ्याला मात्र १७४२ च्या कायद्याने पहिल्या खेपेला सहा महिने, दुसऱ्या खेपेला दोन वर्षं कैद. फाशी तिसऱ्या खेपेला.

नोटांच्या बाबतीत ही सवलत नव्हती. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक-दोन पौंडांच्या नोटा गरिबांच्या हातात आल्या. खोटी नोट झाली 'क्वीर स्क्रीन'. हा शब्द जेम्स हार्डी व्हॉक्सने ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा भोगताना १८१२ मध्ये टिपला. १७९७ ते १८२१ या काळात खोट्या नोटांपायी तीनशेहून जास्त माणसं फासावर गेली. त्यातले पुष्कळजण नुसते खपवणारे.

माझा आवडता शब्द मात्र याहून जुना आहे: 'जार्कमन'. जार्क म्हणजे शिक्का. तेव्हा भीक मागायला, गावोगाव फिरायला परवाना लागायचा. खोटा परवाना लिहून त्यावर शिक्का मारणारा तो जार्कमन. पण इंग्लंडच्या केंट परगण्यातले थॉमस हार्मन भटक्यांवरच्या आपल्या पुस्तकात १५६७ च्या सुमारास लिहितात की असा माणूस भटक्यांमध्ये नाहीच. खोटे परवाने त्यांनी स्वतः हाताळले होते. इतकं देखणं अक्षर भटक्यांना कुठून येणार? चांगल्या शहरांतून ते पैसे मोजून लिहून आणत.