राजदूत ३५० ला दोन बाजूंना दोन वेगळ्या कॉईल चालतात का?

तुम्ही विचारलंय की राजदूत ३५० ची उजवी कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवते ती) गेली, मेकॅनिकने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची काढून बसवली आणि आता घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की तो सिलिंडर मिसिंग मारतो, त्या बाजूचा पॉईंटही (कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क) काळा पडतो, तर दोन्ही कॉईल सेमच लागतात का आणि वायरिंग कसं करायचं.

कंपनी वेगळी असली तरी चालेल, पण कॉईलचा प्रकार आणि प्रायमरीचा (कॉईलच्या आतल्या पहिल्या, बॅटरीकडच्या वेढ्याचा) ओहम, म्हणजे रोध, दोन्हीकडे जुळलाच पाहिजे. मी पण ठाण्यातच राहतो, माझ्याकडे पण हीच गाडी आहे, आणि तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय त्या कॉईलवरच येतोय.

आपल्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पॉईंट, स्वतःचा कंडेन्सर (पॉईंट उघडताना तिथली ठिणगी दाबणारा), स्वतःची कॉईल असते. चावी फिरवली की ब्राऊन वायरने १२ व्होल्ट दोन्ही कॉईलला जातात, कॉईलचं दुसरं टोक आपापल्या पॉईंटला, पॉईंट मिटलेला असेपर्यंत प्रायमरीतून करंट वाहतो आणि पॉईंट उघडला की तो तुटतो नि प्लगला ठिणगी पडते. आता हा करंट किती वाहणार हे प्रायमरीच्या ओहमवर ठरतं. १२ व्होल्टच्या पॉईंटवाल्या कॉईलची प्रायमरी साधारण ३ ते ५ ओहम असते, ४ धरली तर ३ अँपिअर, पॉईंट तेवढे आरामात सोसतो. पण जुन्या जावा-येझदीची ६ व्होल्टची कॉईल लावली असेल तर तिची प्रायमरी दीड-दोन ओहमच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टवर सरळ ६-८ अँपिअर, मग कॉईल तापणार, पॉईंट जळणार, थंड असताना गाडी मस्त चालणार आणि माजिवड्याच्या सिग्नलला मरणार. आरएक्स १०० ची लावली असेल तर अजून वाईट कारण ती सीडीआयची (पॉईंटऐवजी कॅपॅसिटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) कॉईल, तिची प्रायमरी एक ओहमच्या पण खाली. तिथे कॅपॅसिटर शेकडो व्होल्टचा एक झटका देतो आणि कॉईल तो फक्त वाढवून प्लगला पाठवते, आपल्या कॉईलने मात्र ऊर्जा स्वतःतच साठवायची असते. दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून दुकानात नुसती दाखवून 'अशीच द्या' म्हणून कधीच आणू नका, मीटर घेऊन जा.

मीटरने मोजताना दोन्ही प्रोब आधी एकमेकांना टेकवा, जे ०.३-०.४ ओहम येईल ते वजा करा, नाहीतर एवढ्या छोट्या आकड्यात फसाल. कॉईलच्या वायरी सुटलेल्या हव्यात. प्लगच्या वायरीकडून सेकंडरी (प्लगकडचा दुसरा वेढा) मोजताना कॅप काढून मोजा, कारण रेझिस्टर कॅप असेल तर तिचेच ५ हजार ओहम त्यात मिसळतात. दोन्ही कॉईल थंड असताना मोजा आणि इंजिन तापल्यावर लगेच परत मोजा, उजवीचा आकडा गरम झाल्यावर उड्या मारत असेल किंवा सर्किटच ओपन दाखवत असेल तर ती कॉईल गेली.

आता ज्याकडे सहसा कोणी बघत नाही ते सांगतो. ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणली, म्हणजे वायरिंग ओरिजिनल असेल तर तिला पस्तीस-चाळीस वर्षं झाली, चावीचा स्विच आणि किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा) आतून हिरवे पडलेले असतात. मीटर डीसी व्होल्टला ठेवा, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळी कॉईलच्या ब्राऊन वायरला, चावी ऑन, त्या बाजूचा पॉईंट मिटलेला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, पण १२ ऐवजी १० च पोचत असतील तर ठिणगीची ताकद तीसेक टक्क्यांनी कमी होते, कारण ती करंटच्या वर्गावर चालते. (मोजून झालं की चावी लगेच बंद करा, पॉईंट मिटलेला ठेवून चावी ऑन राहिली तर चांगली कॉईल पण तापून जाते.) तोटा जास्त निघाला तर बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घालून दोन्ही कॉईलला नवीन जाड वायर ओढा, जुनी ब्राऊन वायर फक्त रिले ऑन करायला वापरा. माझ्या मते नवी कॉईल घ्यायच्या आधी हेच करावं, खर्च कमी आणि फरक दोन्ही सिलिंडरला.

कॉईलवर प्लस-मायनस लिहिलं असेल तर प्लसला ब्राऊन, मायनसला पॉईंटची वायर. उलट जोडली तरी गाडी चालते, त्यामुळे लक्षात येत नाही, पण प्लगचा मधला गरम इलेक्ट्रोड मायनस असला की ठिणगी कमी व्होल्टला उडते, उलट केलं की जास्त व्होल्ट लागतात आणि कमजोर कॉईल तिथेच हरते.

पॉईंट काळा पडण्याचं दुसरं कारण म्हणजे खराब कंडेन्सर, तो वेगळा तपासा. सोपी परीक्षा अशी की दोन्ही कॉईलची अदलाबदल करा. मिसिंग डाव्या बाजूला गेलं तर कॉईल, उजवीकडेच राहिलं तर पॉईंट, कंडेन्सर नाहीतर त्या बाजूचा कार्ब्युरेटर. आणि ठिणगी बघायला चालू इंजिनवर प्लगची कॅप ओढून हवेत धरू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉईलचं इन्सुलेशन आतून फोडतो, स्पेअर प्लग लावून तो हेडला टेकवून बघा.

नवीन घ्यायच्याच असतील तर जोडीने घ्या, कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारा. बसवल्यावर पॉईंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी आणि दोन्ही बाजूंचं टायमिंग वेगवेगळं डायल गेजने (पिस्टनची जागा मोजणारं मीटर) लावून घ्या. त्याआधी दोन्ही कॉईलचे ओहम आणि तो व्होल्टचा आकडा इथे कमेंटमध्ये टाका, मग पुढचं बघू.