थकलेल्या संध्याकाळचं बजेट

तू लिहिलंयस की आठ महिन्यांपासून तू आणि तुझी सात वर्षांची लेक अशा दोघीच आहात. नोकरी पूर्ण वेळेची आहे, पगार बरा आहे, तरी बावीस-तेवीस तारखेला खात्यात खडखडाट होतो. तीनदा हिशेब लिहायला घेतलास आणि तिन्ही वेळा दहा दिवसांत सोडून दिलास. शेवटी एक ओळ आहे, ‘बहुतेक माझ्यातच शिस्त नाही.’ ती वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. वयाने बरीच मोठी आहे, त्यामुळे अगं-तुगं चालवून घे.

मी एकटी पडले तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता, आता सोळाचा आहे. मधली अकरा वर्षं एका पगारावर काढली. पहिली दोन वर्षं मीही स्वतःला बेशिस्त म्हणत होते. मग एकदा ठरवलं, तीन महिने काही कापायचं नाही, काही जुळवायचं नाही, फक्त खर्च लिहायचा आणि शेजारी समासात तो किती वाजता झाला तेही लिहायचं. वेळ लिहायचं सहज सुचलं होतं, पण सगळं कोडं तिथेच सुटलं. ‘हा करायला नको होता’ असे जेवढे खर्च होते, त्यातले बहुतेक संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधले निघाले. तेही मंगळवार ते गुरुवार.

ती वेळ तुला वेगळी सांगायला नको. दार उघडून आत आलेली असते, खांद्यावरची पर्स अजून खाली ठेवलेली नसते, दुसऱ्या हातात दप्तर, पोर भुकेने चिडलेलं, आणि ओट्यावर सकाळची भांडी तशीच. तेव्हा मी उभ्या उभ्या फोन काढून बाहेरचं जेवण मागवायचे. जेवण येईपर्यंत मुलाने रडू नये म्हणून आणखी काहीतरी. तो झोपला की जरा बरं वाटावं म्हणून फोनवरच काहीबाही खरेदी. हीच मी रविवारी सकाळी वही उघडून पैन् पैचा विचार करायचे. बाई तीच, पगार तोच, फरक होता तो अंगातल्या त्राणाचा.

दोघं असलेल्या घरात त्या वेळी एक जण स्वयंपाकाला लागतो, दुसरा मुलाजवळ बसतो. आपल्याकडे दुसरं माणूस नाही, त्याची जागा पैसा भरून काढतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे. बजेट रविवार सकाळच्या ताज्यातवान्या बाईसाठी आखू नकोस. बुधवारी साडेसातला दारात उभी असलेली जी बाई आहे, तिच्यासाठी आख. तिला जे झेपेल तेवढंच टिकेल.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. माझ्या घरात सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते फ्रीजरमधल्या चार डब्यांनी. आठवडाभराचा स्वयंपाक रविवारी उरकण्याचे सल्ले मीही करून पाहिले आणि सोडले. अख्खा रविवार ओट्याशी जातो आणि पोर दिवसभर मागे मागे फिरतं. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, असाही स्वयंपाक करायचाच असतो तेव्हा, पातेलं मोठं घे. जास्तीचं वाढण्याआधीच काढून ठेव, नाहीतर ते ‘उरलेलं’ होतं आणि उरलेल्याला कोणी विचारत नाही. पसरट डब्यात लवकर निवतं. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये गेलं पाहिजे. फ्रीज ४ अंश किंवा त्याहून थंड असेल तर तीन-चार दिवसांत संपव, फ्रीजरला उणे १८ अंशावर दोन-तीन महिने चवीलाही चांगलं राहतं. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख घाल. तारीख नसलेला डबा शेवटी फेकलाच जातो, हे मी कितीतरी डबे फेकून शिकले. नियम एवढाच की बुधवारी सकाळी निघताना एक डबा फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचा. संध्याकाळी दारात उभं राहून ठरवण्यासारखं काही उरत नाही.

आणि एवढं करूनही महिन्यातून दोनदा बाहेरून मागवावंसं वाटेलच. ते दोन वेळचे पैसे बजेटमध्ये आधीच धर. ती उधळपट्टी नाही, ती तुझ्या घरातल्या दुसऱ्या माणसाची रजा आहे असं समज.

आता बावीस तारखेचं. मला खात्री आहे की रोजच्या खर्चाने तुझा महिना मोडत नाहीये. मागच्या बारा महिन्यांचं खात्याचं विवरण उघड आणि दर महिन्याला न येणारे पण येणार हे माहीत असलेले खर्च वेगळे काढ. शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, डॉक्टर, दातांचं, वाढदिवस, सणवार, नातेवाइकांकडचं कार्य, वर्षाने आपोआप नूतनीकरण होणारी सबस्क्रिप्शन. पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा माझी एकोणीस नावं निघाली. एकही अचानक आलेलं नव्हतं, तरी दरवेळी मी ‘अचानक खर्च आला’ असंच म्हणत होते.

त्यातलं एक अजून डोळ्यासमोर आहे. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री मुलाने बूट घालून पाहिले आणि टाच आत जाईना. सुट्टीत पाय वाढला होता, जसा दर सुट्टीत वाढतो. दुकानं बंद व्हायला अर्धा तास राहिलेला. त्याला तसंच रात्रीच्या कपड्यांत घेऊन पळाले आणि त्या मापाचा जो एकच जोड शिल्लक होता तो मिळेल त्या किमतीला घेतला. परत येताना तो म्हणाला, “आई, तू रागावू नकोस, मी पाय मोठे नाही करत मुद्दाम.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून त्या यादीची वर्षाची बेरीज करून बाराने भागते, आणि ती रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप जाते. खातं वेगळंच हवं आणि त्याचं कार्ड पर्समध्ये नको. पहिल्या वर्षी ही रक्कम झेपणार नाही, कारण काही खर्च दोन-तीन महिन्यांवरच आलेले असतात. तेव्हा सगळ्यात जवळच्या तीन खर्चांपासून सुरुवात कर, बाकीचे एकेक करून जोडत जा. मला पूर्ण यादी सांभाळायला दीड वर्ष लागलं.

तू पन्नास-तीस-वीसच्या सूत्राबद्दल विचारलंस. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ मध्ये ते लोकांपुढे मांडलं. हातात येणाऱ्या पगारातले पन्नास भाग गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला आणि कर्जफेडीला. सूत्र चांगलं आहे, पण घरभाडं आणि मूल सांभाळण्याचा खर्च एकाच पगारातून निघतो तेव्हा पन्नासात गरजा बसवता बसवता जीव जातो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत शंभरातले बहात्तर गरजांना जायचे, दहा त्या वर्षाच्या यादीला, आठ शिलकीला, आणि दहा उरायचे ते आम्हा दोघांच्या हौसेला. तुझे आकडे वेगळे येतील. पन्नासात बसलं नाही म्हणून काही चुकलंय असं मात्र समजू नकोस.

शिलकीबद्दल थोडं. दोन कमावती माणसं असली तर एकाची नोकरी गेल्यावर दुसऱ्याचा पगार घर धरून ठेवतो. आपल्याकडे तो आधार नाही, म्हणून तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं जे सांगतात त्यातला सहाचा आकडा आपला. पण सहा महिने ऐकून हातपाय गाळू नकोस. पहिलं लक्ष्य एका महिन्याचं भाडं, वीज आणि किराणा, एवढंच धर. तेवढं जमलं की पोराला ताप आला म्हणून बिनपगारी रजा घ्यावी लागली तरी छाती धडधडत नाही. मला पहिल्यांदा रात्रभर शांत झोप लागली ती या एका महिन्यानंतर, सहा पूर्ण झाले त्याच्या कितीतरी आधी.

क्रेडिट कार्डाचं तू ओझरतं लिहिलंयस, ‘किमान रक्कम भरते दर महिन्याला.’ फक्त तेवढंच भरणं तातडीने थांबव. व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर ऐकायला थोडं वाटतं, पण वर्षाचे ते साधे ३६ टक्के झाले. बहात्तरला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं. इथे उत्तर दोन येतं. किमान रकमेतला मोठा भाग व्याजातच जिरतो आणि मुद्दल जागचं हलत नाही. आधी कार्ड फोनवरच्या सगळ्या खरेदीच्या ठिकाणांवरून काढून टाक, म्हणजे रात्री साडेनऊला आकडे टाइप करावे लागतील आणि तेवढ्यात मन बदलतं. मग ज्या देण्याचा व्याजदर सर्वांत जास्त ते आधी फेड, बाकीच्यांना ठरलेले हप्ते जाऊ देत. एका महिन्याची शिलक जमली की त्यावरचं सगळं या देण्याकडेच वळव. इतकं व्याज भरत असताना बाकी कुठली बचत करण्यात अर्थ नाही.

आता कुठे कापू नये तेही सांगते, कारण आपण एकट्या बायका भलत्याच ठिकाणी कापतो. झोप कापून घरी सगळं हाताने करण्यात मी दोन वर्षं घालवली, आणि त्याची परतफेड आजारपणात झाली. तुझ्या तासाची किंमत एकदा काढून ठेव. पगारातून प्रवास, कामासाठी लागणारे कपडे, मुलीला सांभाळण्याचा खर्च वजा कर आणि उरलेल्याला कामाच्या आणि प्रवासाच्या मिळून तासांनी भाग. तो आकडा पाहून वाईट वाटेल, पण उपयोगी आहे. जादा काम घ्यावं का, लांबच्या दुकानात स्वस्त मिळतं म्हणून जावं का, याचं उत्तर तो आकडा देतो.

विजेचंही असंच. दिवा राहिला म्हणून आपण पोरांवर ओरडतो. ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटमध्ये शंभराहून जास्त तास जळतो. २००० वॅटचा गीझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात खातो. दिव्यासाठी घसा कोरडा करण्यापेक्षा दोघींच्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या आणि गीझरचं बटण आठवणीने बंद केलं तर बिलात फरक दिसतो, आणि सकाळ भांडणाशिवाय जाते.

हिशेब लिहिणं तू दहा दिवसांत सोडतेस, त्याला कारण तुझ्या ॲपमधले बावीस रकाने असणार. जपानमध्ये मोतोको हानी नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही काढली. काकेइबो म्हणतात तिला. आजही तिथे लोक हाताने लिहून हिशेब ठेवतात. हाताने लिहिताना आकडा डोक्यातून जातो, म्हणून मला वही पटते. माझ्या वहीत तीनच रकाने आहेत, लागलंच, आवडलं, आणि दमले होते. शनिवारी दहा मिनिटं बसते आणि फक्त तिसऱ्या रकान्याची बेरीज करते. एखादा दिवस लिहायचा राहिला तर मागचं आठवत बसू नकोस, आजपासून लिही.

विम्याचं थोडक्यात, पण टाळू नकोस. तुझ्यावर एक जीव अवलंबून आहे आणि मागे दुसरं कमावतं कोणी नाही, म्हणून शुद्ध मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत आपलं काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा) आणि आरोग्य विमा हे दोन्ही हौसेच्या आधी येतात. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना कोणी गळ्यात मारत असेल तर दोन दिवस थांब. मुलगी अल्पवयीन आहे, तेव्हा विम्यावर नॉमिनी म्हणून तिचं नाव लावताना तिच्या वतीने पैसे कोण सांभाळणार ते ठरवून कागदावर आण. सगळ्या कागदांची एक फाइल कर आणि ती कुठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेव.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, लेकीला ‘नाही’ म्हणताना अपराधी वाटतं त्याचा. मी आधी ‘पैसे नाहीत’ म्हणायचे. मग एका रात्री मुलाने स्वतःची खाऊची नाणी माझ्या उशीखाली ठेवलेली सापडली. सहा वर्षांचं पोर घाबरलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य बंद केलं. ‘हे या महिन्याच्या यादीत नाही, पुढच्या यादीत घालायचं का?’ असं म्हणायला लागले, आणि फ्रीजवर खरोखरची यादी लावली. त्यात त्याच्या हस्ताक्षरात त्याच्या वस्तू. महिनाअखेरीला एक निवडायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या किंवा खोडायच्या. बहुतेक तो स्वतःच खोडायचा. मुलांना कमी चालतं, आपण घाबरलेलो चालत नाही. सात वर्षांच्या मुलीला घरभाडं किती ते सांगायची गरज नाही, पण घर चालवण्यातलं एखादं काम तिचं स्वतःचं असू दे. बुधवारचा डबा कोणता काढायचा ते तिला ठरवू दे.

या आठवड्यात बाकी काही करू नकोस. बारा महिन्यांचं विवरण उघड, ती यादी काढ आणि सगळ्यात जवळचे तीन खर्च इथे लिही. कार्डाचा व्याजदरही बघून ठेव. पुढचे आकडे आपण मिळून मांडू.