वाचक विचारतात: गावात कलाकेंद्र कशाला?

प्रश्न: ताई, आमचं गाव गडचिरोलीतल्या वडसाजवळ, पोट्ट्यांना दंडार, खडी गंमत या आपल्या लोककला फुकट शिकवाचं केंद्र काढतो म्हणलं तर लोक म्हणतेत, नाटक कंपन्या आहेत नं, मग हे कशाला? काय सांगू जी?

उत्तर: भाऊ, कंपनीचा सीझन धानकापणीनंतरचा, तिकिटावर चालते, त्यात वाईट काही नाही, झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातले, नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीमुळे. पण सीझनच्या धावपळीत पोरांना शिकवणार कोण? दंडार तर मुळात गावानंच गावासाठी केलेली! केंद्राच्या नोंदणीला १८६० च्या सोसायटी कायद्यात किमान ७ जण लागतात, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदणी. उरलेला पैसा सभासदांत वाटणार नाही हे संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) लिहाच, आणि सातही जण एकाच घरातले नको बरं.