प्लॅटिन म्हणा, ‘प्लेटिंग’ नको

प्रश्न धरमपेठेतल्या एका वाचकांचा आहे. वडिलांच्या जुन्या बुलेटचे ‘प्लेटिंग पॉइंट’ गेले, असं सांगून गॅरेजवाल्यानं नवा सेट बसवला. (पॉइंट म्हणजे इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या.) हा शब्द बरोबर आहे का, त्याचं मूळ काय, मराठीत त्याला काय म्हणावं आणि त्याचं लिंग कोणतं?

‘प्लेटिंग’ साफ चूक. शब्द ‘प्लॅटिन’ आहे. अर्धवट इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी वाटलं की मिस्त्रीला नीट बोलता येत नाही, त्याला ‘प्लेटिंग’च म्हणायचं असणार. त्यानं दुरुस्ती केली आणि शब्दाची वाट लावली. जुना मिस्त्री जेव्हा म्हणतो, “प्लॅटिन घासून देतो भाऊ, चालू होऊन जाईन गाडी,” तेव्हा तो बरोबरच बोलत असतो.

नुसत्या उच्चाराची चूक असती तर मी सोडून दिली असती. पण प्लेटिंग म्हणजे मुलामा, आणि मुलामा म्हटलं की तो घासल्यावर उडणार ही समजूत आलीच. मग लोक पॉइंटला कानस लावू देत नाहीत आणि चांगला सेट भंगारात जातो. त्या दोन टिकल्यांवर कसलाही मुलामा नसतो, त्या अख्ख्या धातूच्या असतात. उजेडात धरून पाहा: एका टिकलीला खड्डा पडलेला असतो आणि समोरचीला टोक आलेलं असतं. ठिणगीबरोबर इकडचा धातू तिकडे जाऊन बसतो, आणि टिकल्यांमधली ठिणगी दाबणारा कंडेन्सर बिघडला असेल तर फारच लवकर. ते टोक बारीक कानशीनं उतरवावं, पेट्रोलमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी टिकल्यांमधून ओढावी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. कॅमवर, म्हणजे टिकल्या उघडणाऱ्या फिरत्या भागावर, घासणारा फायबरचा तुकडा झिजतो तशी फट कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं, म्हणून फायबरला ग्रीसचं बोट लावायला विसरू नये. खड्डा फार खोल असेल तरच नवा सेट.

आता मूळ. सुरुवातीच्या काळात या टिकल्या खरोखर प्लॅटिनमच्या असत, कारण ते गंजत नाही. पुढे ते परवडेना, म्हणून टंगस्टन आलं. धातू बदलला, नाव टिकलं. यावर “मग प्लॅटिन म्हणणंही चूकच की” असा शेरा हमखास येतो. तसं असेल तर जवसाच्या तेलाला तेल म्हणू नका, कारण तेल म्हणजे तिळाचं. लाल शाईला शाई म्हणू नका, कारण स्याह म्हणजे काळा. शब्द असेच जगतात.

एका अभ्यासू स्नेह्यांचं म्हणणं असं की हा शब्द ‘प्लेट’वरून आला, पॉइंट ज्या बेस-प्लेटवर बसतात तिच्यावरून. ते हे व्याख्यानातही सांगतात, म्हणून स्पष्ट लिहितो: हे टिकत नाही. याच भागाला फ्रेंचमध्ये ‘व्हिस प्लातिने’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘प्लातिनोस’, तुर्कीत ‘प्लातिन’ आणि इंडोनेशियात ‘प्लातिना’. सगळ्यांनी मिळून बेस-प्लेटकडे बोट दाखवलं म्हणायचं का?

मौज त्याच्याही पुढे आहे. स्पॅनिशमध्ये ‘प्लाता’ म्हणजे चांदी, तिचं धाकटं रूप ‘प्लातिना’. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये सोनं धुताना प्लॅटिनमचे हे पांढुरके कण मध्ये येत, वितळता वितळत नसत, म्हणून हे हिणवणारं नाव. युरोपात ते पोचलं स्पॅनिश नौदल अधिकारी आंतोनियो दे उयोआच्या १७४८ च्या प्रवासवर्णनातून. आणि ‘प्लाता’चा मूळ अर्थ चांदी नव्हेच, तो धातूचा चपटा पत्रा. त्यामागे उत्तरकालीन लॅटिन ‘प्लात्तुस’, चपटा. त्यामागे ग्रीक ‘प्लातुस’, म्हणजे रुंद. आणि या ग्रीक शब्दाचा सख्खा भाऊ आपल्या घरात बसलाय: संस्कृत ‘पृथु’. पृथु म्हणजे विस्तीर्ण, आणि त्यावरूनच पृथ्वी!

म्हणजे बुलेटच्या त्या झाकणाखालचं प्लॅटिन आणि पायाखालची पृथ्वी एकाच धातूपासून निघालेले शब्द आहेत. धातू इथे व्याकरणातल्या अर्थानं. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे हा उयोआ अमेरिकेत गेला होता तो विषुववृत्ताजवळ पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर, १७३५ मध्ये. पृथ्वी मोजायला गेला आणि तिच्याच कुळातला शब्द घेऊन परतला. आपल्याकडे असंच मोजमाप करत नागपूरकडे निघालेले भारताच्या महासर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूरच्या झिरो माइल या मोजणीच्या खांबावरून जाताना मला हे सगळं एका माळेत दिसतं.

हो, ‘प्लेट’ही त्याच ‘प्लात्तुस’ची लेक. पण चुलत बहीण म्हणजे आई नव्हे, एवढं स्नेह्यांनी ध्यानात घ्यावं.

हा शब्द आपल्या गॅरेजात कसा शिरला? माझा कयास: इटालियन गाड्यांबरोबर. मुंबईत लॅम्ब्रेटा बनली, फियाट बनली, बजाजची पहिली व्हेस्पा पियाजिओच्या परवान्यावर निघाली. आणि इटालियनमध्ये या भागाला ‘पुंतीने प्लातिनाते’ म्हणतात. इंग्रजीतही ‘प्लॅटिनम पॉइंट’ होतेच, पण शेवटचा ‘म’ गळून ‘प्लॅटिन’ उरणं मला इटालियन वळणाचं वाटतं.

प्रतिशब्द? ‘संपर्कखंडक’ पाठ्यपुस्तकात शोभेल, गॅरेजात त्याचा उपयोग शून्य. ‘पॉइंट’ किंवा ‘प्लॅटिन’ म्हणा. पॉइंट पुल्लिंगी. प्लॅटिन मात्र सोनं, तांबं, लोखंड यांच्या पंगतीतलं, म्हणून नपुंसकलिंगी: प्लॅटिन घासलं, प्लॅटिन बसवलं.